पुण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधायचा कसा? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मुलांच्या पेन्सिल धरण्यावर चार ओळी लिहिल्या आणि या वेळी पत्रांचा ढीग आला, त्यातली निम्मी फिरून फिरून एकाच गोष्टीवर: ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, जेवण, कपडे, लिहिणं अशी रोजची कामं जमवायला शिकवणारा, तो पुण्या-मुंबईत शोधायचा कसा. मी स्वतः साताऱ्यात हेच काम करते, त्यामुळं बोलते ते जरा आतलं असेल. सगळी पत्रं छापता येत नाहीत, चार निवडलीत.

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही कोरेगावला राहतो, मिस्टरांचं दुकान आहे. मुलगा ५ वर्षांचा, मोठ्या गटात. वर्गात एका जागी बसत नाही, कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून आतल्या खोलीत पळतो, पेन्सिल मुठीत धरतो, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल टोचतं म्हणून रोज सकाळी रडारड. बोलायला उशिरा लागला पण आता बोलतो. साताऱ्यातल्या मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं पुण्याला ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा, नाव कुणाचं दिलं नाही. मोबाईलवर शोधलं तर शंभर सेंटर निघाली आणि सगळ्यांना पाच स्टार. कुणाकडं जायचं? सासूबाई म्हणतात पोरगं शहाणं आहे, उगा डॉक्टर लावू नका, जाऊबाई म्हणतात सरळ पुण्यात खोली घेऊन राहा. काय करू? – एक आई, कोरेगाव

उत्तर: ताई, आधी खोलीचं बोलू, कारण त्यात पैसा आणि घर दोन्ही मोडतं. खोली घेऊ नका. निदान आत्ता तरी नाही. पुण्यात तुम्हाला एकच गोष्ट चांगली मिळवायची आहे, ती म्हणजे नीट केलेलं असेसमेंट आणि त्यावरून लिहून दिलेला घरचा कार्यक्रम. रोजचं काम कोरेगावातच होणार आहे, तुमच्या स्वयंपाकघरात आणि अंगणात. थेरपिस्टकडं पोरगं आठवड्यातून फार तर दोन-तीन तास असतं, बाकीचा सगळा वेळ तुमच्याकडं, मग फरक कुठं पडणार ते तुम्हीच बघा. बाप कोरेगावात, आई-पोरगं धायरीत एका खोलीत, आजी नाही, अंगण नाही, खाली उतरलं की गाड्या, असं करून आलेली घरं मी पाहिलीत आणि त्यातली बरीचशी वर्षाच्या आत परत आलीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यात कुणी नातेवाईक असतील तर तीन-चार आठवडे राहून रोजचे सेशन करून घेतले, तर ते चालतं.

सासूबाईंना सांगा की पोरगं शहाणं आहेच, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. आवाज, कपड्याचा स्पर्श, स्वतःच्या शरीराची हालचाल हे सगळं त्याच्या डोक्यात जरा वेगळ्या जोरानं पोचत असावं आणि त्यामुळं त्याला वर्गात टिकणं अवघड जातं, अशी शक्यता पत्रावरून दिसते. नक्की काय ते पोराला बघितल्याशिवाय मी काय, कुणीच सांगू नये. आणि हो, बोलायला उशीर झाला होता म्हणता तर कानाची तपासणी झालीय का? झाली नसेल तर पुण्याची गाडी पकडायच्या आधी ती साताऱ्यात करून घ्या, डोळ्यांचीही. पुण्यातला चांगला माणूस पहिल्यांदा हेच विचारेल आणि मग एक फेरी फुकट जाईल.

आता शोधायचं कसं. स्टार विसरा. दिवाळीत ओळखीतल्या सगळ्यांना मेसेज करून रिव्ह्यू मागवणारी सेंटर आहेत, जास्त बोलत नाही. पहिली चाळणी डिग्रीची: बीओटीएच, पुढं शिकलेले असतील तर एमओटीएच. दुसरी रजिस्ट्रेशनची. आपल्याकडं महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे, २००२ च्या कायद्यानं झालेली, राज्यात प्रॅक्टिस करणाऱ्या ओटीची नोंद तिथं लागते. फोनवर सरळ विचारा, मॅडम तुमचा रजिस्ट्रेशन नंबर काय. ज्यांच्याकडं आहे ते दोन सेकंदात सांगतात, राग येत नाही कुणाला. राग आला तर ते उत्तरच समजा. काही सेंटरमध्ये बोर्डावर नाव एका मोठ्या थेरपिस्टचं आणि आत सेशन घेणारी मुलगी तीन महिन्यांचा कसला तरी कोर्स केलेली, हे पुण्यात आहे, मुंबईत आहे, आता साताऱ्यातही आलंय. म्हणून विचारायचं, सेशन स्वतः कोण घेणार, एका वेळी हॉलमध्ये किती मुलं असतात, आणि मला आत बसू देणार का.

नावं मिळवायची तर डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियनकडून मिळवा, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाचेच डॉक्टर. पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचं टीडीएच रिहॅबिलिटेशन आणि मॉरिस चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर जुनं आहे, एकाच छताखाली बऱ्याच जणांना दाखवता येतं, बाहेरगावच्या माणसाला ते सोयीचं पडतं. पाटण-जावळीकडच्या वाचकांना मात्र मी मुंबईच सुचवते, कारण त्यांचं घराघरातलं कुणी ना कुणी तिकडं असतंच आणि राहायची सोय होते. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं टिळक हॉस्पिटल ही तिन्ही महापालिकेची, तिन्हीकडं ओटीचं कॉलेज आहे म्हणजे डिपार्टमेंट मोठं, शिवाय हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. गर्दी असते, केसपेपरची रांग असते, विद्यार्थी हात लावतात, पण वर शिकवणारे बसलेले असतात आणि खर्च खाजगीच्या मानानं फारच कमी. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघालात तर सकाळी दादरला उतरून परळ जवळच.

पुण्याचंच ठरवलंत तर सेंटर साताऱ्याच्या बाजूचं बघा ताई. कात्रज, धनकवडी, बिबवेवाडी, सिंहगड रोड, फार तर स्वारगेटच्या आसपास. वाकडचं सेंटर कितीही नावाजलेलं असू दे, खंबाटकी उतरून, खेड-शिवापूरचा टोल ओलांडून, कात्रजच्या ट्रॅफिकमधून स्वारगेटला पोचल्यावर पुढं आणखी तासभर सिटी बसमध्ये आवाजाला घाबरणारं पोरगं घेऊन बसायचं आणि मग त्यानं तिथं शहाण्यासारखं वागून दाखवायचं, कसं व्हावं! वेळ अकराच्या पुढची मागा. संध्याकाळचे स्लॉट पुण्यातली शाळेची मुलं आधीच भरून टाकतात, सकाळचे बरेचदा रिकामे असतात. एसटीत तुम्हाला महिला म्हणून अर्धं तिकीट आहेच, पोराचं ५ पूर्ण झाल्यामुळं त्याचंही अर्धं लागेल.

जाताना काय न्यायचं ते जरा नीट सांगते कारण इथंच बरीच घरं रिकाम्या हातानं जातात. जन्माच्या वेळची फाइल न्या, रडला कधी, काविळीसाठी काचेत ठेवलं होतं का, वजन किती, हे सगळं विचारतात. बालवाडीच्या बाईंकडून चार ओळी लिहून घ्या, त्यांच्या शब्दांत, छान छान नको. आणि मोबाईलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढा: जेवताना, कपडे घालताना, इतर पोरांत खेळताना, आणि कुकरची शिट्टी होते तेव्हाचा. नव्या जागी पोरं एकतर दगडासारखी गप्प बसतात नाहीतर सगळं उलथं करतात, दोन्ही खरी नसतात. व्हिडिओ खरा असतो. आणि त्या दिवशी नवा ड्रेस घालू नका, जुना मऊ टी-शर्टच बरा, लेबल कापलेला.

असेसमेंट झाल्यावर कागदावर ध्येयं लिहून मागा. 'एकाग्रता वाढवणे' असं लिहिलेलं असेल तर ते कुणाच्याही पोराला चालेल. 'दोन महिन्यांत शर्टाची खालची दोन बटणं स्वतः लावणे', 'प्रार्थनेला ५ मिनिटं रांगेत उभा राहणे' असं लिहिलं असेल तर त्या माणसानं तुमचं पोरगं बघितलंय असं समजा. परत कधी यायचं, मध्ये व्हिडिओ कॉलवर बघणार का, तेही तेव्हाच ठरवून घ्या. महिना-दीड महिन्यातून एक फेरी आणि मध्ये कॉल, एवढ्यावर बऱ्याच जणांचं चांगलं चालतं.

तोवर घरी बसून राहायची गरज नाही. कोरेगावला राहता म्हणजे घरात घेवडा असणारच, तो निवडायला, शेंगा सोलायला बसवा शेजारी, चिमटीत एक-एक दाणा उचलून वाटीत टाकायचा, पेन्सिलीची पकड याच बोटांतून येते. (लक्ष ठेवून बसवा मात्र, नाकात दाणा घालणारी पोरं मी दर सुगीला बघते.) कणीक मळू द्या, अर्धी भरलेली कळशी दोन्ही हातांनी उचलून न्हाणीत नेऊ द्या, अशा जड कामानं बऱ्याच पोरांना शांत वाटतं. कुकर लावताना आधी सांगा, आता तीन शिट्ट्या होणार, मोज. झोका चालेल का, तर काही पोरं झोक्यानं निवांत होतात आणि काही आणखी पेटतात, ते थेरपिस्टला विचारूनच.

जाता जाता सरकारी वाट. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयात डीईआयसीची चौकशी करा, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, ० ते १८ वयासाठी, मोफत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासायला येतात ना, तीच टीम तिथं पाठवते. तिथं ओटी असेलच असं धरू नका, फोन करून विचारा, पण बाकीच्या तपासण्या तरी होतात. पुढच्या वर्षी पहिलीत जाईल तेव्हा पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक कोण आहेत ते शाळेतून काढा.

प्रश्न: रामराम. वडील ६८ वर्षांचे, द्राक्षबाग आमची तासगावजवळ. दोन महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. आता धरून चालतात, हात अजून नाही. सध्या पुण्यात धाकट्या भावाकडं सिंहगड रोडला आहेत, फिजिओवाले रोज घरी येतात. कुणीतरी सांगितलं ओटी पण लावा. फिजिओ चालू असताना आणखी हे कशाला? खर्च दुप्पट. आणि एक विचित्र होतंय, जेवताना ताटातली डावी बाजू तशीच ठेवतात, चटणी-कोशिंबिरीला हात लावत नाहीत. आधी चटणीशिवाय घास उतरायचा नाही. तोंडाची चव गेली म्हणावं का? – तासगाव

उत्तर: दादा, चव बहुतेक जागेवर असेल. एकदा करून बघा, ताट अर्धं फिरवा, चटणी उजवीकडं आणा. त्यांनी पटकन खाल्ली तर समजा की डावी बाजू त्यांच्या लक्षातच येत नाही. डोळा चांगला असतो पण मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की डावीकडचं जग हिशोबातून सुटतं, दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो, डाव्या गालाची दाढी तशीच राहते. हे भावाला आजच सांगा आणि न्यूरोलॉजिस्टच्याही कानावर घाला, कारण असा माणूस एकटा बाथरूमला गेला तर पडू शकतो, रस्ता तर नकोच.

तुमच्या 'कशाला'चं उत्तर यातच आहे. फिजिओ त्यांना चालवतोय, ताकद आणि तोल आणतोय, ते काम चालूच ठेवा. ओटी हा जेवण, अंघोळ, कपडे, संडास, आणि पुढं जमलं तर बाग, असा दिवसच घेऊन बसतो. ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावून तिथपर्यंत मान फिरवायची सवय लावणं, डावीकडून हाक मारून बोलायला लावणं हे त्याचं काम. सदरा घालताना गेलेला हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी, एवढं कळलं तरी सकाळची झटापट कमी होते. चमच्याच्या दांड्याला फोम गुंडाळून जाड केला, ताटाखाली ओलं फडकं टाकलं की ताट सरकत नाही. बाथरूममध्ये स्टूल आणि भिंतीला दांडी. यातलं बरंचसं दोन-चार भेटींत बसवून देता येतं, रोज लावायची गरजच पडत नाही, त्यामुळं दुप्पट खर्चाचं एवढं मनावर घेऊ नका. आठवड्याला एक भेट, महिनाभर, मग बघा.

शोधायचं तर झटक्याच्या वेळी ज्या हॉस्पिटलात होते त्यांच्या रिहॅब विभागाला आधी फोन. नाहीतर येणाऱ्या फिजिओलाच विचारा, चांगला फिजिओ ओटीचं नाव आनंदानं देतो. सिंहगड रोड-कोथरूड भागात घरी येणारे मिळतात, पण विचारताना 'स्ट्रोकचे पेशंट बघता का' हे आधी, कारण पुण्यात बरेच ओटी फक्त मुलांचं काम करतात, पत्ता शोधत गेल्यावर आत नुसते झोके आणि बॉल दिसतात. डिग्री-रजिस्ट्रेशनचं वर कोरेगावच्या ताईंना लिहिलंय तेच.

दोन गोष्टी मात्र कुणी येईपर्यंतही पाळा. उठवताना डाव्या हाताला किंवा काखेत धरून ओढू नका, खांदा निखळल्यासारखा होतो आणि मग दुखण्यानं माणूस हातच हलवू देत नाही. बसलेले असतील तेव्हा तो हात लोंबकळत ठेवायचा नाही, उशीवर किंवा टेबलावर. आणि कुणीतरी आणून दिलेला तो रबरी बॉल, दाबत बसा म्हणून, मूठ आधीच आवळलेली असेल तर तो विचारल्याशिवाय देऊ नका, मूठ आणखी आवळायची भीती असते.

आणि दादा, गावी आणायची घाई नको पण फार लांबवूही नका. त्यांना बेदाणा निवडायला बसवलं, चांगला उजव्या हातानं, आणि डाव्या हातानं नुसतं ताट धरायचं, तर माणूस स्वतःहून तासभर बसेल. भावाच्या गॅलरीत प्लॅस्टिकच्या रिंगा एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर टाकायला सांगितल्या तर दहा मिनिटांत म्हणेल, झोपतो मी. ऑक्टोबर छाटणीला बांधावर खुर्ची टाकून बसायचं आणि कुठली काडी ठेवायची ते सांगायचं, हे ध्येय थेरपिस्टला सांगा, त्याला त्यावरून सगळं आखता येईल.

प्रश्न: मुलीला ऑटिझम आहे, वय ४. पुण्यातल्या एका सेंटरनं सहा महिन्यांची फी आधी भरायला सांगितलीय, मध्ये सोडलं तर परत नाही. आईवडिलांना आत सोडत नाहीत, म्हणतात पालक असले की मूल काम करत नाही. सहा महिन्यांत ८० टक्के बरी होईल म्हणाले. भरावेत का? – विटा

उत्तर: भरू नका. ८० टक्के हा आकडा कुठून आला ते त्यांना विचारा आणि चेहरा बघा. ऑटिझममध्ये थेरपीनं मूल पुष्कळ शिकतं, बोलणं-खाणं-झोप-कपडे सगळ्यात फरक पडतो, पण टक्क्यांची गॅरंटी देणारा माणूस विकायला बसलाय. पहिली दोन-चार सेशन आई बाहेर हवी असं कधीकधी खरंच असतं, मला मान्य आहे, पण मग शेवटची दहा मिनिटं आत बोलावून काय केलं ते दाखवायला हवं, नाहीतर विट्यात परत जाऊन तुम्ही करणार काय? फी महिन्याची द्यायची, पावती घ्यायची, रजिस्ट्रेशन नंबर पावतीवर हवा.

तुमचं एक काम राहिलंय का बघा: यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. ते झालं की नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत नाव घालता येतं, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीच्या खर्चालाही ठरावीक मर्यादेपर्यंत जागा आहे. म्हणून पावत्या जपा. मिस्टर जुन्या पद्धतीनं इन्कम टॅक्स भरत असतील तर कलम ८०डीडीची वजावटही मिळते, ७५ हजार, तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाख. सीएला विचारा, हे ते स्वतःहून सांगत नाहीत बरेचदा.

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे, पलूसची. एमबीबीएसला लागेल एवढे मार्क पडतील असं वाटत नाही. फिजिओथेरपी की ऑक्युपेशनल थेरपी? घरचे म्हणतात ओटी कुणाला माहीतच नाही, पोट कसं भरणार.

उत्तर: कुणाला माहीत नाही म्हणूनच वरची तीन पत्रं पुण्याचा पत्ता विचारत आलीत ना गं. सांगली-साताऱ्यात माझ्यासारखे हाताच्या बोटावर मोजण्याएवढे आहेत, पोटाची काळजी नको. पण पोटासाठीच घेणार असशील तर घेऊ नकोस, चिकाटीचं काम आहे, एका बटणासाठी महिना जातो.

प्रवेश नीटच्या मार्कांवर, सीईटी सेलच्या फेऱ्यांतून होतो, फॉर्म भरताना फिजिओचं बीपीटीएच आणि ओटीचं बीओटीएच दोन्ही दिसतील. सरकारी आणि महापालिकेच्या जागा मुंबईत वर लिहिलेल्या तीन कॉलेजांत आणि नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजात. ओटीच्या जागा मुळातच थोड्या, त्यामुळं पसंतीक्रम भरताना सायन-नायर-केईएम असं आधी मुंबई सगळी भर, मग नागपूर, खाजगीचा विचार फी बघून नंतर.

घरच्यांना हेही सांग की आपल्या देशात हे शिक्षण सुरू केलं ते कमला निंबकरांनी. जन्मानं अमेरिकन, लग्न करून इकडच्या झाल्या, आणि १९५० मध्ये परळच्या केईएममध्ये देशातलं पहिलं ओटीचं स्कूल काढलं, १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटनाही त्यांच्याच पुढाकारानं झाली. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. आमच्या सातारा जिल्ह्यातली माणसं त्या शाळेवरून रोज जातात.

फॉर्म भरायच्या आधी एक दिवस कुठल्या तरी ओटी डिपार्टमेंटला बसून ये, मिरज-सांगलीत कुणी ओळखीचं नसेल तर साताऱ्याला माझ्याकडं आलीस तरी चालेल, अंकाच्या पत्त्यावर चिठ्ठी टाक. बुधवार सोडून ये, बुधवारी मी वाईला असते.